सीएसटी रोडची ट्राम: कुर्ला ते मानखुर्द, एका पट्ट्याची गोष्ट

(स्थानिक इतिहासाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज इथं यायला तुमच्यापैकी निम्म्या लोकांना उशीर झाला, आणि मला खात्री आहे की कारण एकच आहे. बाहेर रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे पत्रे लावलेत. खांब उभे राहिलेत, वर स्टेशनचा सांगाडा दिसतोय, जिने अजून लागायचेत. रिक्षावाला म्हणतो, "पुढे नाही जाणार, इथंच उतरा." मीही तसाच उतरून चालत आलो. त्यामुळे उशिराबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. (हशा)

मी आज बोलणार आहे ते या अर्धवट उभ्या असलेल्या स्टेशनाबद्दलच. पण इतिहासाचा माणूस असल्यामुळे मी सुरुवात शंभरेक वर्षं मागून करणार आहे.

एक प्रश्न विचारतो. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव काय? बरोबर, सीएसटी रोड. आता सीएसटी म्हणजे काय? ... हां, बघा, सगळे म्हणताहेत छत्रपती शिवाजी टर्मिनस. मीसुद्धा कित्येक वर्षं तसंच समजत होतो. आता जरा विचार करा. बोरीबंदरच्या त्या स्टेशनाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळालं १९९६ साली. त्याआधी ते व्हीटी होतं. २०१७ पासून तर ते 'महाराज' धरून सीएसएमटी झालंय. आणि कुर्ल्याचा हा रस्ता त्या स्टेशनाकडे जातही नाही. तो कलिन्याकडे जातो. मग नाव कुठून आलं?

तर सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. साल्सेट म्हणजे साष्टी, आपलं बेट. इथून एके काळी एक गाडी जात होती. एका टोकाला ट्रॉम्बे, मध्ये कुर्ला, दुसऱ्या टोकाला अंधेरी. साधारण १३ किलोमीटरचा मार्ग. १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. पुरती सहा-सात वर्षंसुद्धा चालली नाही. रूळ गेले, गाडी गेली, लोकांच्या आठवणीतूनही गेली. राहिली फक्त रस्त्याच्या नावातली तीन अक्षरं, आणि त्यांचाही अर्थ आपण दुसराच लावला.

आधी 'ट्रामवे' या शब्दाबद्दल दोन वाक्यं बोलतो, कारण ट्राम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दादर-बोरीबंदरची ट्राम येते. भर रस्त्यातून घंटा वाजवत जाणारी. ती मुंबईची ट्राम १८७४ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. आपली साल्सेटची ट्रामवे तशी नव्हती. त्या काळात कमी पल्ल्याच्या, हलक्या, स्थानिक गरजेसाठी काढलेल्या गाडीलाही कागदोपत्री ट्रामवे म्हणत. माथेरानची आपली छोटी गाडी, १९०७ ची, तिच्याही कंपनीच्या नावात ट्रामवे हाच शब्द होता. आज आपण ज्याला लाइट रेल म्हणतो, त्याच्या जवळपासची ही कल्पना. मोठ्या रेल्वेचा डामडौल नको, खर्च कमी, आणि उपनगराला उपनगराशी जोडायचं.

आता ही गाडी काढली कुणी? ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे, ती चालवत होती. पण करार होता बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टशी. हे नाव लक्षात ठेवा, कारण सगळी गोम इथं आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. मांडवीपासून सुरुवात झाली आणि शहर हादरलं. लोक पळाले, गिरण्या ओस पडल्या. तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की दाटीवाटीच्या चाळी, हवा नाही, उजेड नाही, गटारं तुंबलेली, हे असं चालायचं नाही. म्हणून १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दोन कामं केली. एक, जुन्या शहरातून रुंद रस्ते काढले, आणि त्यासाठी वस्त्या पाडल्या. दुसरं, उत्तरेला मोकळी जमीन घेऊन नवं शहर आखलं. दादर, माटुंगा, वडाळा, शीव. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आज तुम्ही बघता ना, झाडं, रुंद रस्ते, मधे बाग, ती ट्रस्टची आखणी. तिथं क्रम काय होता? आधी जमीन ताब्यात, मग रस्ता, मग गटार, मग प्लॉट, आणि शेवटी माणूस.

मुंबई बेट संपलं की साष्टी सुरू. ती तोवर ठाणे जिल्ह्यात होती. १९२० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा केला गेला. म्हणजे सरकारनं ठरवलं होतं की शहर आता खाडी ओलांडून इकडे येणार. या वातावरणात साल्सेट ट्रामवेची कल्पना आली. आजचा नकाशा घ्या. मुंबईच्या लोकल गाड्या कशा जातात? दक्षिणेकडून उत्तरेकडे. पश्चिम रेल्वे उभी, मध्य रेल्वे उभी. पूर्व-पश्चिम आडवं जायचं म्हटलं की आपली अडचण. अंधेरीहून घाटकोपरला जायला लोक दादरला जाऊन परत यायचे. २०१४ साली मेट्रो १ सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, वा, पहिल्यांदा आडवी गाडी आली! पहिल्यांदा नव्हे मंडळी. आडवी गाडी १९२८ सालीच आली होती, आणि ती इथून, आपल्या दारावरून गेली होती.

मग ती सहा वर्षांत का गेली? काळ बघा. १९२९ ला जगभर मंदी आली. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच नगरपालिकेत विलीन झाला. म्हणजे ज्यानं हे स्वप्न पाहिलं तो घरमालकच गेला. आणि पुढच्याच वर्षी गाडी बंद. मी एकामुळे दुसरं झालं असं म्हणत नाही, मी फक्त क्रम सांगतोय. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे, इथं राहत कोण होतं? कोलेकल्याण, कलिना, सहार ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावठाणं. कुर्ल्याला गिरणी होती, वस्ती होती. चेंबूरला गावठाण. ट्रॉम्बेला कोळीवाडा. मधे शेतं, मिठागरं, खाडी, खाजण. भातशेती करणाऱ्याला रोज सकाळी नऊच्या आत अंधेरी गाठायची गरज काय? गाडी आधी आली, माणसं यायची होती.

माणसं आली. पण केव्हा आणि कशी, ते आता सांगतो. चेंबूरच्या लोकांना हे ऐकायला जरा कडू वाटेल.

कुर्ला ते चेंबूर रूळ १९०६ साली पडले होते. ट्रामवेच्याही आधी. कशासाठी? माणसांसाठी नव्हे. मुंबईचा कचरा इकडे आणून टाकायला. शहरातून कचऱ्याची आगगाडी निघायची आणि ती इकडच्या दलदलीत रिकामी व्हायची. या रुळांवर प्रवासी बसले ते १९२४ साली. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. म्हणजे या पट्ट्यावर पहिला प्रवास कचऱ्याचा, मग माणसाचा. (हशा) हसा, पण ही फक्त सुरुवात आहे. पुढे शंभर वर्षं शहराला जे जे नको होतं, ते ते याच दिशेला आलं.

फाळणी झाली. निर्वासित आले. चेंबूरला त्यांची छावणी झाली. ती माणसं स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली, आज चेंबूर कॅम्पात खायला आपण रांगा लावतो. मग आले कारखाने. १९५४-५५ च्या सुमारास तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने. टाटांचं वीजकेंद्र. पुढे खतांचा कारखाना. आणि ट्रॉम्बेला अणुऊर्जेचं केंद्र, तिथली अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली. आता गंमत बघा. ज्या ट्रॉम्बेला १९३४ मध्ये प्रवासी मिळत नव्हते, तिथं वीस-पंचवीस वर्षांत हजारो कामगार रोज जायला लागले. आणि तेव्हा आडवी गाडी नव्हती! कुर्ल्यापासून मानखुर्दपर्यंतचा तुकडा टिकला, तोच आपला हार्बरचा. १९९२ मध्ये तो खाडी ओलांडून वाशीला गेला. पण कुर्ल्याच्या पश्चिमेचा, कलिन्यातून अंधेरीकडे जाणारा तुकडा गेला तो गेलाच. कलिना आणि अंधेरी यांच्या मध्ये आज विमानतळ आहे. परत रूळ टाकायचे तर कुठून टाकणार? मेट्रो ३ ला तिथून जमिनीखालून जावं लागलं.

हा माझा पहिला मुद्दा. गाडी तोट्यात गेली म्हणून बंद करणं एक वेळ समजू शकतो. पण गाडीबरोबर पट्टाही सोडला. पट्टा म्हणजे रुळाखालची ती अरुंद, लांबलचक जमीन. गाडी वीस वर्षांनी परत आणता येते. पट्टा परत आणता येत नाही. रस्ता होतो, दुकानं होतात, घरं होतात. आणि मग कधीतरी गाडी परत आणायची वेळ येते, तेव्हा तीच घरं मधे येतात. तेव्हा आपण म्हणतो, अतिक्रमण! अहो, गाडी नव्हती तेव्हा ती माणसं आली.

आता दुसरा मुद्दा. त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगतो. जोकिन अर्पुथम. कोलार गोल्ड फील्ड्समधला तमिळ मुलगा, १९६३ साली मुंबईत आला आणि मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहायला लागला. ही जनता कॉलनी कुणाची? शहरातल्या वेगवेगळ्या जागांवरून उठवलेल्या लोकांनाच इथं आणून वसवलेलं होतं. म्हणजे कायदेशीर वसवलेले लोक. तिथं कचरा उचलला जात नव्हता. जोकिननं काय केलं, वस्तीतली मुलं जमवली, कचरा गोळा केला आणि नेऊन महापालिकेच्या कचेरीसमोर ठेवला. (टाळ्या) कचऱ्याची गाडी उलट दिशेनं नेली म्हणा ना.

पुढे अणुकेंद्राला लागून असलेली ती जमीन हवी झाली. लोक वर्षानुवर्षं लढले, कोर्टात गेले. पण १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर जनता कॉलनी पाडली. सुमारे सत्तर हजार माणसं. त्यांना हलवलं चिता कॅम्पला. एकदा वसवलेल्यांना दुसऱ्यांदा उठवलं.

आता हाच जोकिन या गोष्टीत पंचवीस वर्षांनी पुन्हा येतो. १९९० च्या दशकात मुंबईच्या रेल्वे रुळांच्या अगदी कडेला हजारो झोपड्या होत्या. दार उघडलं की रूळ. गाड्यांना अशा ठिकाणी सावकाश जावं लागायचं, माणसं मरायची, वेळापत्रक कोलमडायचं. मग एमयूटीपी नावाची मोठी योजना आली, २००२ मध्ये जागतिक बँकेनं कर्ज मंजूर केलं. लोकल वाढवायच्या, रूळ वाढवायचे, रस्ते करायचे. त्यासाठी रुळांकाठची आणि रस्त्यांवरची माणसं हलवायची. साधारण एक लाख माणसं. आणि इथं एक वेगळी गोष्ट घडली. जोकिनची झोपडपट्टीवासीयांची संघटना, महिला मिलन आणि स्पार्क ही संस्था, यांनी लोकांची मोजणी लोकांकडूनच करून घेतली. कोण कुठं राहतं, किती वर्षं, घरात किती माणसं. बायकांनी वह्या घेऊन झोपडी न् झोपडी मोजली. घर मिळाल्याशिवाय हलायचं नाही हे तत्त्व निदान कागदावर तरी मान्य झालं. भारतात रेल्वेच्या कामासाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे होणं लहान गोष्ट नव्हती. ज्याचं स्वतःचं घर १९७६ मध्ये पाडलं गेलं, त्यानं इतरांचं घर न पाडता हलवायची पद्धत बसवली.

पण ही माणसं गेली कुठे? पुष्कळशी याच बाजूला. मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. सात-सात मजली इमारती, दोन इमारतींमध्ये हात लांब केला तर पोचेल एवढंच अंतर. घर २२५ चौरस फुटांचं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट प्लेगनंतर ज्याच्यासाठी स्थापन झाला होता, हवा आणि उजेड, त्याचाच शंभर वर्षांनी आपल्याला विसर पडला. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात सगळ्या प्रभागांमध्ये सर्वांत खाली जो प्रभाग आला तो हाच, एम पूर्व.

आणि आता परत सीएसटी रोडवर येतो. एमयूटीपीमधलाच एक भाग होता सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे पुन्हा आडवं जायची तीच गरज आणि जवळजवळ तोच पट्टा. तुम्हाला आठवत असेल किती वर्षं तो रस्ता चालू होता. मुलं शाळेत गेली ती कॉलेजातून बाहेर पडली तरी रस्ता होत होता. (हशा) तो लांबला त्याची कारणं अनेक. पण त्यातलं एक इतिहास म्हणून महत्त्वाचं आहे. कुर्ल्याच्या रस्त्याकाठच्या दुकानदारांनी २००४ मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपास समितीकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं काय होतं? आमचं दुकान मोठं असो की लहान, बदल्यात २२५ चौरस फूटच. आणि ते कुठे, तर मानखुर्दला. आमचं गिऱ्हाईक कुर्ल्यात आहे. गिऱ्हाईकाची पेटी डोक्यावर घेऊन मानखुर्दला न्यायची का? तपास झाला. २००५ च्या डिसेंबरात अहवाल आला, आणि तक्रारीत तथ्य आहे असं त्यात निघालं. मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्त्याचा आणि पुनर्वसनाचा पैसा रोखला. जूनअखेर, काही अटी पाळल्यावर, तो परत सुरू झाला. कुर्ल्याच्या गल्लीतल्या दुकानदारांनी वॉशिंग्टनचा हात थांबवला, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात कुठं नाही. असायला हवं.

जोडरस्ता २०१४ च्या एप्रिलमध्ये खुला झाला. त्याच फेब्रुवारीत चेंबूर-वडाळा मोनोरेल सुरू झाली होती, जूनमध्ये मेट्रो १. एका वर्षात तीन. मोनोरेलबद्दल फार बोलत नाही. पहिला टप्पा कुठून नेला? खतांचा कारखाना, तेलाचा कारखाना, टाक्या. स्टेशनं चकाचक आणि फलाटावर चार माणसं. १९२८ च्या ट्रामवेचा सख्खा नातू शोभतो. माणसं जिथं राहतात आणि जिथं जातात, त्यांच्यामधून गाडी गेली नाही तर ती कितीही आधुनिक असो, रिकामीच जाणार.

आणि आता बाहेरचं स्टेशन. मेट्रो २ब. या मेट्रोचं पहिलं भूमिपूजन २००९ मध्ये झालं, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. चारकोप-वांद्रे-मानखुर्द. काम सुरूच झालं नाही. २०१४ मध्ये कंत्राट रद्द झालं. मग मार्गाचे दोन तुकडे केले. दहिसरकडचा २अ, तो २०२३ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाला. आणि आपला २ब, डी. एन. नगर ते मंडाळे. साडेतेवीस किलोमीटर, वीस स्टेशनं, सुमारे अकरा हजार कोटींचा खर्च मंजूर झाला. काम सुरू झालं २०१८ ला. हा मार्ग वांद्र्याहून बीकेसी करत कुर्ल्यात येतो, तिथून चेंबूर, डायमंड गार्डन, शिवाजी चौक, मानखुर्द, आणि शेवटी मंडाळे. म्हणजे कुर्ल्यापासून पुढे बघितलंत तर जुन्या ट्रामवेची सावली आहे ही. फक्त खाली जमीन उरली नाही म्हणून हवेत बांधायची. जिथं पूर्वी जमिनीवर रूळ होते, तिथं आता दोन मजले वर चढून गाडी पकडायची. पट्टा सोडल्याची किंमत म्हणतात ती ही. ती पैशात तर आहेच. शिवाय रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानदाराच्या बुडालेल्या सहा-सहा दिवाळ्यांत आहे, धुळीनं खोकणाऱ्या पोरांत आहे, आणि जिना चढता न येणाऱ्या माझ्यासारख्याच्या गुडघ्यांतही आहे.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय. स्टेशन बांधलं जातं तेव्हा आपण विचारतो, कधी होणार? योग्य प्रश्न आहे. पण त्याच्यासोबत अजून दोन प्रश्न विचारायला हवेत. हे स्टेशन कुणासाठी उभं राहतंय? आणि ते उभं राहीपर्यंत त्याचा भार कुणी उचलला? १९२८ साली माणसं यायच्या आधी गाडी आणली, आणि सहा वर्षांत धीर सोडला. पुढे माणसं आल्यावर सत्तर-ऐंशी वर्षं गाडी आणली नाही. आणि आता आणतोय ती त्या माणसांना बाजूला सारून. तिन्ही वेळा चूक गाडीची नव्हती.

मंडाळ्याला या मार्गाचं कारशेड आहे. शेवटचं स्टेशनही तिथंच. जनता कॉलनीतून हलवलेल्यांची नातवंडं, रुळांवरून हलवलेल्यांची मुलं त्याच परिसरात राहतात. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीला तिथून बसून बीकेसीत कामाला वेळेवर पोचता आलं, आणि तिकीट तिच्या पगाराला परवडलं, तर मी म्हणेन सीएसटी रोडला त्याची ट्राम परत मिळाली. (टाळ्या)

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, म्हणजे तुमच्या मते मेट्रो नको होती का?

उत्तर: नाही नाही, अगदी उलट. माझं दुःख हेच आहे की ती नव्वद वर्षं उशिरा येतेय. मेट्रो हवीच. जे होतंय ते कसं होतंय, याचा हिशेब ठेवला पाहिजे एवढंच.

प्रश्न: मी कुर्ल्यात चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवतो. आता स्टेशन जवळ येणार म्हणून मालकानं भाडं वाढवायची भाषा सुरू केलीय. पत्रे लागल्यापासून गिऱ्हाईक अर्धं झालं. इतिहास आम्हाला काय सांगतो?

उत्तर: काका, तुमच्या प्रश्नाला टाळ्या घेईल असं उत्तर माझ्याकडे नाही. इतिहास एवढंच सांगतो की २००४ साली तुमच्याच रस्त्यावरच्या लोकांनी एकेकट्यानं अर्ज केले नाहीत. एकत्र आले, कागद जमवले, कोणाचं दुकान किती फुटांचं हे लिहून काढलं. मानखुर्दच्या बायकांनीही तेच केलं, वही घेऊन मोजलं. तुम्ही सगळ्या दुकानदारांनी आज एक वही करा. पत्रे कधी लागले, त्याआधी रोजचा गल्ला किती होता, आता किती. उद्या मागायला जाल तेव्हा ती वहीच कामाला येईल. आणि शंभर वर्षांनी माझ्यासारखा कुणी या स्टेशनाबद्दल बोलायला उभा राहिला, तर त्यालाही.

प्रश्न: रस्त्याचं नाव बदलून पूर्ण 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे मार्ग' असं लिहावं का?

उत्तर: (हसून) पाटीवर मावणार नाही हो. पण जी नवी स्टेशनं होताहेत, त्यातल्या एखाद्यात भिंतीवर दोन ओळी आणि एक जुना नकाशा लावायला काय हरकत आहे? मागणी करायची असेल तर मी सही करायला तयार आहे.